पगार नको, पण काम सोडवत नाही

मागच्या अंकात निवृत्तीचं वय कोणी ठरवायचं यावर मी सहज दोन ओळी खरडल्या आणि त्या चांगल्याच अंगाशी आल्या, इतकी पत्रं आली की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले (ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की). गंमत म्हणजे एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच गोष्ट विचारतायत, की पैशांची गरज उरली नसेल तर नोकरी करत राहायची का, आणि करायचीच तर तो पगार कुणाला तरी देऊन टाकायचा का. एकेक घेऊया.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ५७ वर्षांचा आहे. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलं आपापल्या पायावर उभी आहेत. दोन वर्षांपूर्वी एकदा बसून हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की आज नोकरी सोडली तरी आम्हा दोघांना पुरून उरेल. पण मला काम आवडतं, अकाउंट्समध्ये आहे, महिनाअखेरीची धावपळसुद्धा आवडते (हसू नका). परवा फोनमधले जुने मेसेज वर सरकवत होतो तर पगार जमा झाल्याचे सात महिन्यांचे सात मेसेज, एकही उघडलेला नाही. एकेकाळी याच मेसेजची वाट बघत महिना काढायचो. एकदम लाज वाटली, वाटलं आपण हे कुणाचं तरी घेतोय. तेव्हापासून डोक्यात आहे की नोकरी चालू ठेवायची आणि अख्खा पगार दान करायचा. बायको म्हणते, दान करायचंय तर आहे त्यातून कर की, त्यासाठी रोज सकाळी साडेसातला बाहेर पडायची काय गरज? तिच्या बोलण्यात दम आहे हे कळतंय, पण घरी बसवतही नाही. काय करू?
(न उघडलेला मेसेज)

तुमचे ते सात मेसेज वाचून खरं सांगते आधी हेवाच वाटला, मग पुढचं पत्र वाचलं. लाज वगैरे वाटून घेऊ नका, काम करून मिळवलेत, कुणाच्या खिशातून काढलेले नाहीत.

पण आधी एक रुक्ष गोष्ट. "पुरून उरेल" हे तुम्ही कशावरून काढलंत ते पत्रात नाही. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली जुने आकडे तपासून असं मांडलं होतं की पहिल्या वर्षी एकूण पुंजीतले साधारण ४ टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईएवढी रक्कम वाढवत न्यायची, तर पुंजी ३० वर्षं तरी टिकते. लोक जे म्हणतात ना, वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की सुटलो, ते याच ४ टक्क्यांचं उलटं गणित. आता तो हिशोब अमेरिकेतल्या शेअर्स आणि रोख्यांवरचा आहे आणि ३० वर्षांचा आहे, हे लोक सोयीस्कर विसरतात. तुम्ही ५७, बायको समजा थोडी लहान, दोघांपैकी एकाने नव्वदी ओलांडली तर ३० वर्षं पुरत नाहीत, आणि मोठं आजारपण त्या हिशोबात बसत नाही ते वेगळंच. मी तुमच्या जागी असते तर २५ पटीवर निर्धास्त झाले नसते, तीस-पस्तीस पट असेल तरच अख्ख्या पगाराची भाषा केली असती, आणि राहतं घर त्यात धरलं नसतं. तुम्ही अकाउंट्सवाले, हे तुम्हाला मी काय सांगणार, पण स्वतःच्या घरचा हिशोब करताना भले भले अकाउंटंट आकडे गोल करतात हे मी पाहिलंय.

आता धरून चालू की हिशोब पक्का आहे. तर खरी मेख तुमच्या बायकोने पकडलीय, तुम्ही नाही. तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधलेत. नोकरी करावी का हा एक, आणि आपल्याकडे जास्तीचं आहे ते द्यावं का हा दुसरा. नोकरी न करताही देता येतं, आणि काही न देताही नोकरी करता येते, त्यात कायद्याने काही गुन्हा नाही. तुम्हाला मनातून कामावर जायचंय आणि "गरज नसताना कशाला" या प्रश्नाला द्यायला उत्तर नाही, म्हणून दानाचं उत्तर सापडलंय, असा मला संशय आहे. चूक असेन तर सोडून द्या.

त्याची गरजच नाहीये पण. माणूस काही फक्त पगारासाठी कामावर जात नाही. १९३० च्या आसपास ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावातली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं, तेव्हा मारी याहोडा ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला होता, १९३३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून कधी जात नाही. दिवसभर रिकामा वेळ, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणाऱ्यांचं प्रमाण वाढायच्या ऐवजी कमी झालं. पुरुष रस्त्याने चालताना सावकाश चालायला लागले, मधेच थांबायला लागले, दिवसभरात काय केलंत विचारलं तर धड सांगता येईना. अर्थात ती माणसं गरिबीत होती, तुमच्यासारखी निवांत नव्हती, त्यामुळे जशीच्या तशी तुलना नको. पण पुढे याहोडाने याच्यावरून मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सगळ्यांनी मिळून काहीतरी करण्याची जाणीव, समाजातलं स्थान आणि हातापायांना डोक्याला चाळा. तुम्हाला महिनाअखेरीची धावपळ आवडते म्हणजे हा पाचपदरी पगार तुम्ही घेताच आहात, आणि तो मात्र दर महिन्याला उघडून वाचताय. बायकोला हेच सांगा, दानाचं निमित्त न करता, की मला अजून जावंसं वाटतंय. ती कदाचित म्हणेल मग आधीच का नाही सांगितलंस. आणि कदाचित तिचा मूळ मुद्दा साडेसातचा नसेलच, तुम्ही दोघं मिळून काही करायचं ठरवलं होतं त्याचं काय, हा असेल. ते तिला विचारा, मला नका विचारू.

मग द्यावं का? द्यावं, हो. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७२ साली एका निबंधात साधा दाखला दिला होता, की वाटेत उथळ तळ्यात एखादं पोर बुडताना दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही, मग तेच पोर लांबच्या देशात असेल आणि आपल्या पैशाने वाचणार असेल तर अंतरामुळे नेमका काय फरक पडला? पन्नास वर्षं लोक याला खोडायचा प्रयत्न करतायत, अजून कुणाला नीट जमलेलं नाही, मलाही नाही. यातूनच पुढे "देण्यासाठी कमवा" असा एक विचारच निघाला. ऑक्सफर्डच्या टोबी ऑर्डने २००९ मध्ये एक संस्था काढली, तिचे सभासद उत्पन्नातले निदान १० टक्के द्यायची प्रतिज्ञा करतात, आणि त्याने स्वतः आपल्या खर्चाला एक आकडा ठरवून वरचं सगळं द्यायचं ठरवलं. तुमची कल्पना त्याच वाटेवरची आहे, फक्त ते लोक पंचविशीत ठरवतात आणि तुम्ही सत्तावन्नव्या वर्षी. उशीर झाला असं मी म्हणणार नाही, उलट तुम्हाला काय लागतं आणि काय लागत नाही हे तुम्हाला माहितीय, पंचविशीतल्या पोराला कुठून माहीत असणार.

एक धोका मात्र सांगते. "मी दानासाठी कमावतोय" हे वाक्य फार गोड आहे, त्याच्या आड काहीही लपतं. सॅम बँकमन-फ्राइड हा तरुण हेच वाक्य घेऊन क्रिप्टोच्या धंद्यात मोठा झाला, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं एक्स्चेंज (म्हणजे त्या आभासी चलनांचा ऑनलाइन बाजार) कोसळलं, ग्राहकांचे पैसे भलतीकडे वापरल्याचं कोर्टात सिद्ध झालं आणि २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही काही असं करणार नाही हो. पण त्याचं छोटं रूप रोजच्या ऑफिसातही असतं, की काम रटाळ झालंय, अंगावर येतंय, साहेब नको ते कागद सही करायला पुढे सरकवतायत, तरी आपण जातोय कारण "पैसे चांगल्या कामाला जातात". असं वाटायला लागलं की समजा गाडी रुळावरून उतरली.

आता करायचं कसं, तर एकदम अख्खा पगार नको. पहिलं वर्षभर अर्धा द्या, उरलेल्या अर्ध्याला हातही लावू नका, वर्षानंतर बघा मनाला काय वाटतं ते. बँकेला सांगून पगार जमा होईल त्याच दिवशी रक्कम परस्पर जाईल असं करा, दर महिन्याला मनाशी वाटाघाटी नकोत. म्हणजे न उघडलेल्या मेसेजखाली लगेच दुसरा मेसेज येईल, आणि हा तुम्ही उघडाल, पैज लावते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे देणारे बहुतेक विसरतात. तुमचा पगार हा तिकडे कुणाचा तरी पगार होणार आहे. दर महिन्याला ठराविक रक्कम येतेय म्हटल्यावर संस्था काय करते, एखादी नर्स नेमते, एखादा शिक्षक, एखादा ड्रायव्हर. तीन वर्षांनी तुम्ही निवृत्त झालात की ती रक्कम बंद, आणि त्या नर्सला घरी जावं लागतं, तिच्याकडे तुमच्यासारखी पुंजी नसते. म्हणून देतानाच संस्थेला स्पष्ट सांगा की हे अमुक महिन्यापर्यंत येईल, त्यापुढचं धरून चालू नका. शक्य असेल तर तुम्ही जो अर्धा पगार बाजूला ठेवताय त्यातून नंतरची दोनेक वर्षं उतरत्या रकमेने चालू ठेवा, निम्मे, मग पाव, मग बंद. आणि पैसे कशासाठी वापरायचे याची अट घालू नका, सगळ्यांना शाळेच्या भिंतीवर आपलं नाव हवं असतं, वीजबिल भरायला कुणी पुढे येत नाही. संस्था निवडताना विचारायचा प्रश्न एकच : आणखी एवढे पैसे आले तर तुम्ही नेमकं काय जास्तीचं कराल? एका गुंतवणूक कंपनीत काम करणाऱ्या दोन तरुणांना हेच जाणून घ्यायचं होतं, कुठल्याच संस्थेकडून नीट उत्तर मिळेना म्हणून २००७ साली त्यांनी गिव्हवेल ही संस्थांची छाननी करणारी संस्थाच काढली. तुम्हाला एवढं करायला नको, पण ताळेबंद वाचता येतो तुम्हाला, ही काय छोटी गोष्ट आहे का.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे, आमच्या सेक्शनला एक सर आहेत, खूप हुशार, खूप चांगले, त्यांना पैशांची काहीच गरज नाही हे सगळ्यांना माहितीय कारण पगार ते एका संस्थेला देतात. त्यांच्यानंतर ती जागा मला मिळणार हे जवळपास ठरलंय, पण सर जातच नाहीत. दोनदा मुदत वाढवून घेतली. मी वर काही बोलायला गेले की सगळे म्हणतात अगं केवढं मोठं काम करतायत ते. मला घरभाडं आहे, शिक्षणाचं कर्ज आहे, आणि तक्रार केली की मीच स्वार्थी ठरते. मी खरंच चुकतेय का?

नाही चुकत.

आता जरा अर्थशास्त्र ऐकून घे. "म्हाताऱ्यांनी जागा सोडल्या की तरुणांना मिळतील" या समजुतीला अर्थतज्ज्ञ गेली शंभरहून जास्त वर्षं नावं ठेवतायत, डेव्हिड श्लॉस नावाच्या इंग्रज माणसाने १८९१ मध्येच तिचं बारसं केलं होतं, कामाचा एकच ठरलेला गोळा आहे आणि तो वाटून घ्यायचाय असं मानणं ही चूक आहे म्हणून. काम करणारा माणूस खर्च करतो, नवं काहीतरी उभं करतो, त्यातून आणखी कामं निघतात, त्यामुळे अख्ख्या देशाचा विचार केला तर एकाने काम सोडलं म्हणून दुसऱ्याला मिळतं असं सरळ गणित नसतं. हे खरं आहे. पण तू अख्ख्या देशात नोकरी करत नाहीस, एका सेक्शनमध्ये करतेस, आणि तिथे हेडची खुर्ची एकच आहे. तिथे गोळा ठरलेलाच आहे. मोठ्या आकड्यांचं सत्य छोट्या खोलीत लागू पडेलच असं नाही, आणि ज्यांना खुर्ची सोडायची नसते ते हा मोठा हिशोब फार आवडीने सांगतात.

सरांनी दान केलं ही चांगली गोष्ट, त्यांना मान द्यायलाच हवा, पण तो मान वेगळा आणि खुर्ची वेगळी. त्यांनी पगार कुणाला दिला याने तुझं घरभाडं भरलं जात नाही. शिवाय उद्या तू त्या जागेवर आलीस तर तूही काहीतरी देशीलच की, कमी देशील, पण देशील. हिशोबच मांडायचा तर त्यांच्या जाण्याने संस्थेला मिळणारे पैसे थांबतील आणि तुझं कर्ज फिटायला लागेल, कुठलं पारडं जड हे मला दुरून सांगता येणार नाही, पण दुसऱ्या पारड्यात काहीच नाही असं जे सगळे समजतायत ते चूक आहे.

करायचं काय, तर वरच्या लोकांकडे तक्रार करायच्या आधी सरांशीच बोल. तुम्ही कधी जाणार असं नाही विचारायचं. विचारायचं, सर, यातली कुठली कामं मी आत्तापासून स्वतंत्र बघू शकते, सहीचे अधिकार कधी मिळतील, आणि तुम्ही आठवड्यातून दोन-तीन दिवस सल्लागार म्हणून यायला तयार व्हाल का. चांगली माणसं आहेत म्हणतेस, तर बऱ्याचदा अशांना कुणी विचारलेलंच नसतं, सगळे आदराने गप्प बसतात आणि त्यांना वाटतं आपल्यावाचून घोडं अडलंय. एवढं करूनही तिसऱ्यांदा मुदतवाढ झाली तर मात्र दुसरीकडे अर्ज टाक, वाट बघण्यात तिशी घालवू नकोस.

(वरचे न उघडलेल्या मेसेजवाले, तुम्ही वाचताय ना? तुमच्या हाताखाली कोण आहे ते पत्रात लिहिलं नाहीत.)

प्रश्न : पगार घ्यायचा आणि मग वाटायचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ कंपनीला सांगावं की मी बिनपगारी काम करतो. यात काय अडचण आहे?

अडचण अशी की न घेतलेला पगार आपोआप गरजूकडे जात नाही, तो कंपनीकडे राहतो, आणि कंपनी नफ्यासाठी चालणारी असेल तर तुम्ही मालकांना दान केलंत. त्यांना नकोय हो ते. वर तुमच्यानंतर त्या जागेवर येणाऱ्या माणसाला, ज्याचं पोट त्या पगारावर आहे, "आधीचे तर फुकट करायचे" असं ऐकून घ्यावं लागेल. कामाचा दर असा पाडू नये. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी गर्भश्रीमंत होते, त्यांनीसुद्धा पगार नाकारला नाही, तो वेगवेगळ्या संस्थांना देऊन टाकला. ब्रिटनमध्ये तर १९८७ पासून पगार हातात यायच्या आधीच त्यातून देणगी परस्पर वळती करायची सोय आहे, आणि त्या रकमेवर प्राप्तिकर लागत नाही. करसवलतीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, आपल्याला काय लागू पडतं ते करसल्लागाराला एकदा विचारून घ्या, वीस मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : मी २४ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, आता पुरेसं आहे. सोडून एखाद्या संस्थेत पूर्णवेळ विनामोबदला काम करावं असं वाटतं. मित्र म्हणतो वेड्या, तुझ्या एका पगारात ती संस्था चार माणसं ठेवेल, तू नोकरी कर आणि पैसे दे. मला ते पटतं पण जिवावर येतं.

तुमच्या मित्राचं गणित बरोबर आहे आणि तरी मी तुम्हाला हट्टाने नोकरीत राहा म्हणणार नाही. करिअरबद्दल सल्ला देणारी "८०,००० तास" नावाची एक ब्रिटिश संस्था आहे (आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे, ४० वर्षं, यावरून ते नाव), तिने सुरुवातीला कमवा आणि द्या या मार्गाची बरीच भलामण केली, पण पुढे स्वतःच सांगितलं की थोड्याच लोकांना तो योग्य आहे, बऱ्याच ठिकाणी पैशापेक्षा नेमक्या कौशल्याच्या माणसांची टंचाई जास्त असते. तर प्रश्न असा की तुम्ही तिथे जाऊन काय करणार. त्यांची मोडकी सिस्टिम बांधून देणार असाल, जे त्यांना बाजारभावाने कधीच परवडणार नाही, तर जा. चटया उचलणार आणि पाकिटं चिकटवणार असाल तर मित्राचं ऐका.

आता माझी एक फजिती सांगते, आजवर कुठे छापली नव्हती. काही वर्षांपूर्वी हातात वेळ होता म्हणून मी एका संस्थेत फुकट काम करायला जायला लागले, आठवड्यातून तीन दिवस, कोण आलं कधी आलं काय दिलं याच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या. मनातून स्वतःवरच खूश. सकाळी उशीर झाला तर उशीर, पाहुणे आले तर दांडी, कुणी काही बोलायचं नाही, उलट "ताई आलात का, बसा, चहा घ्या". एका संध्याकाळी पर्स विसरले म्हणून परत गेले तर ऑफिसात दिवा चालू, तिथली पगारी मुलगी, चोवीसेक वर्षांची असेल, माझ्या दिवसभराच्या नोंदी एकेक करून पुन्हा भरत बसलेली. मी तारखेच्या रकान्यात महिना आधी आणि दिवस नंतर टाकत होते. किती दिवसांपासून? म्हणाली, तुम्ही आल्यापासून. मग सांगितलं का नाहीस? तर खाली बघून म्हणाली, तुम्ही पैसे घेत नाही ना ताई, तुम्हाला कसं सांगणार.

मला त्या मुलीचा चेहरा अजून दिसतो. म्हणजे मी संस्थेला तीन दिवस देत होते आणि तिच्या तीन संध्याकाळी खात होते. फुकट काम करणाऱ्याला कुणी रागावू शकत नाही, काढूही शकत नाही, आणि जिथे काढता येत नाही तिथे काम नीट होत नाही. पगाराचा एक मोठा गुण कुणी सांगत नाही, तो घेणाऱ्याला बोलणी खायची सोय करून देतो.

म्हणून जाणार असाल तर पगार घेऊन जा, कमी का असेना, वेळेचं बंधन आणि वरिष्ठ घेऊन जा, आणि हवा तर तो पगार नंतर त्यांनाच देणगी म्हणून परत करा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या पावतीवर. द्राविडी प्राणायाम वाटेल, पण हा मी स्वतः करून पाहिलेला आहे. आणि आधी नोकरी न सोडता सहा महिने शनिवारी-रविवारी जाऊन बघा, जिवावर येणारी गोष्ट नोकरी आहे की फक्त सध्याचा बॉस, ते तेवढ्यात कळेल.

प्रश्न : मी गेली तीन वर्षं पगारातला मोठा भाग देते. ऑफिसात सांगावं की नाही?

दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. चक फीनी या अमेरिकन उद्योजकाने ड्युटी-फ्री दुकानांच्या धंद्यातला आपला जवळजवळ सगळा हिस्सा १९८४ मध्ये गुपचूप एका फाउंडेशनच्या नावावर केला, जगाला ते १९९७ मध्ये कळलं, तोवर लोक त्याला अब्जाधीश समजत होते. पुढे ८ अब्ज डॉलरहून जास्त वाटून २०२० मध्ये फाउंडेशन बंदही करून टाकलं आणि स्वतः भाड्याच्या घरात राहिला. उलट वर सांगितलेली ती १० टक्क्यांची प्रतिज्ञा मुद्दाम जाहीर घ्यायची असते, कारण एकाचं बघून दुसरा देतो असं त्यांचं म्हणणं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, पण बेताने. कुणी आपणहून विचारलं तर देते म्हणून सांगा, कुठे देता तेही सांगा, आकडा सांगू नका. जेवणाच्या टेबलावर चालेल. फक्त अप्रेझलच्या खोलीत हा विषय चुकूनही काढू नका, समोरच्याला तुमचा पगार न वाढवायला आयतंच कारण मिळेल आणि तेवढे पैसे त्या संस्थेचे जातील.